औषध दुकानाच्या विपणनाचे पुस्तक : हिंगोली जिल्ह्यापुरता एक विचार

औषध दुकानाच्या विपणनावर मार्गदर्शक पुस्तक लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण विषयाच्या मुळाशीच उभी राहते. विपणन म्हणजे गिऱ्हाइकाची गरज ओळखून ती भागेल अशी वस्तू वा सेवा त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे आणि त्याचा विश्वास टिकवण्याचे शास्त्र. अमेरिकी प्राध्यापक ई. जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये त्याची वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी अशी चार अंगे मांडली आणि आजही या विषयाचा अभ्यास बहुधा त्यांच्यापासूनच सुरू होतो. किराणा किंवा कापडाच्या व्यापाऱ्याला या चारही अंगांत बरीच मोकळीक असते. औषध विक्रेत्याला ती एकाही अंगात पुरती नसते. चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, अनुसूची एचमधील औषधांपैकी कोणते द्यायचे हे डॉक्टरची चिठ्ठी ठरवते. आवश्यक औषधांची कमाल किंमत औषध किंमत नियंत्रण आदेश, 2013 नुसार राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. किरकोळ विक्रीचा परवाना ठरावीक जागेपुरताच असतो आणि ती जागा किमान 10 चौरस मीटरची असावी लागते. प्रसिद्धीवर तर दोन बाजूंनी बंधने आहेत.

त्यांपैकी पहिले बंधन औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, 1954 याचे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, अपस्मार, पक्षाघात, मूतखडा अशा अनेक विकारांवर अमुक औषधाने गुण येतो, अशी जाहिरात या कायद्याने करता येत नाही. दुसरे बंधन फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 या विनियमांचे असून, फार्मासिस्टने रुग्णांना आपल्या दुकानाकडे ओढण्यासाठी प्रलोभन दाखवणे हे त्यांत व्यावसायिक नीतीला सोडून मानले आहे. याच विनियमांच्या आधारे 2024 च्या अखेरीस महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलने दुकानांवर झळकणाऱ्या सवलतीच्या फलकांना हरकत घेतली. अमुक टक्के सूट असा मोठा फलक लावणे, हेच ज्या काळात अनेक मेडिकलवाल्यांचे एकमेव विपणन होऊन बसले होते, त्या काळात ही हरकत आली.

ही हरकत योग्य आहे आणि तिचे कारण आकड्यांत पाहता येते. नियंत्रित किमतीचे एखादे औषध किरकोळ विक्रेत्याला 100 रुपयांना पडते असे समजू. किंमत नियंत्रण आदेशात त्यावर 16 टक्के नफा धरलेला असल्याने, जीएसटी बाजूला ठेवल्यास, त्याची किंमत 116 रुपये होते. त्यावर दहा टक्के सूट दिली की 11 रुपये 60 पैसे गेले आणि हाती राहिले 4 रुपये 40 पैसे. दुकानाचे भाडे, वीज, फ्रिज, नोंदणीकृत फार्मासिस्टचा पगार आणि स्टॉकिस्टने, म्हणजे घाऊक विक्रेत्याने, परत न घेतलेला एक्स्पायरीचा माल, हे सारे त्यातच बसवायचे. ते बसत नाही. मग वीस टक्क्यांचा फलक लावणारा विक्रेता तोटा भरून काढतो तो नियंत्रणाबाहेरच्या, छापील किंमत फुगवलेल्या औषधांतून, आणि कोणती गोळी काउंटरवर पुढे सरकवायची हे नफ्याच्या टक्क्यावरून ठरू लागते. फार्मासिस्टच काउंटरवर नसणे, ही बचतीची दुसरी वाट. फार्मसी कायदा, 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतर कोणी देणे हा गुन्हा आहे, हे ठाऊक असूनही ती वाट धरली जाते. सूट ही अशी रुग्णाच्याच पदरी पडणारी महागाई ठरते.

मग या पुस्तकात लिहायचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच 2015 च्या विनियमांत आहे. औषध देताना फार्मासिस्टने रुग्णाचे समुपदेशन करावे, म्हणजे औषधाचे नाव काय, ते कशासाठी आहे, केव्हा व कसे घ्यायचे, ठेवायचे कुठे, त्रास झाला तर काय करायचे आणि एखादा डोस चुकला तर काय, हे समजावून सांगावे, अशी अपेक्षा तेथे स्पष्ट शब्दांत आहे. फार्मासिस्टने पांढरा कोट घालावा व नावाची पट्टी लावावी, असेही विनियम सांगतात. दुकानदार या तरतुदी तपासणीची कटकट म्हणून वाचतात. प्रत्यक्षात औषध दुकानाला कायद्याने मोकळे ठेवलेले विपणनाचे एकच मोठे क्षेत्र म्हणजे हे समजावून सांगणे, आणि पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग त्यालाच द्यायला हवा.

हिंगोलीचा विचार यासाठी विशेष उपयोगी पडतो. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे : हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या 11 लाख 77 हजारांच्या आसपास असून तिचा सुमारे 85 टक्के भाग ग्रामीण आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे 2024 मध्ये सुरू झाले, म्हणजे त्याआधीची पंचवीस वर्षे गंभीर आजाराचा रुग्ण नांदेड, परभणी वा आणखी दूर जात होता. तेथून चिठ्ठी घेऊन तो परतला की पुढचे महिनोन्‌महिने त्याचा संबंध येई तो आपल्या गावच्या किंवा तालुक्याच्या मेडिकलशी. नव्या महाविद्यालयाने अंतर कमी झाले असले तरी हा संबंध तुटलेला नाही. येथे दुकानदार रुग्णाला नावाने ओळखतो, त्याची शेती कुठे आहे आणि पोरगा पुण्याला काय करतो हेही त्याला ठाऊक असते. मोठ्या शहरातील साखळी दुकानांना असा विश्वास पैसे ओतूनही विकत घेता येत नाही, आणि परदेशी पुस्तकांतले लॉयल्टी कार्ड त्याची जागा घेऊ शकत नाही.

येथील वर्षही वेगळे चालते. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबरनंतर येतो. हळद फेब्रुवारीपासून उकडली, वाळवली जाते आणि मग हिंगोली-वसमतच्या बाजारात येते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, इतके हे पीक या मातीशी जोडलेले आहे. दोन पिकांच्या मधल्या काळात रक्तदाबाची गोळी उधारीवर जाते किंवा घेतलीच जात नाही. म्हणून उधारीच्या वहीवरचे प्रकरण या पुस्तकात हवेच, आणि ते वसुलीच्या युक्त्यांचे नसावे. महिन्याचे औषध एकदम परवडत नसेल तर स्ट्रिप कापून पंधरा दिवसांचे देता येते. सुट्या गोळ्यांची किंमत प्रमाणशीर हिशेबापेक्षा जास्त घेता येत नाही. कापलेल्या तुकड्यावर नाव आणि मुदतीची तारीख राहील अशी काळजी घ्यावी लागते. आणि गोळी मध्येच बंद केल्याने काय होते हे रुग्णाला सांगावे लागते. ज्या रुग्णाची गोळी सुटली नाही तो दहा वर्षे त्याच दुकानाची पायरी चढतो. नियमित रुग्णांची, औषधे व मुदतीसह, एक साधी नोंद ठेवली आणि औषध संपण्याच्या दोन दिवस आधी फोन केला, तर त्यात प्रलोभन नाही आणि कायद्याची अडचणही नाही.

समजावून सांगण्याची प्रकरणे कशी असावीत, हे ओआरएसच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. जुलाबात शरीरातील पाणी व क्षार भरून काढणारी ही पूड जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रानुसार एका लिटरसाठी 20.5 ग्रॅम असते, आणि तिचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. घरोघरी मात्र चमचाभर पूड पेल्यात टाकून पाकीट गुंडाळून ठेवले जाते. त्यामुळे द्रावण कधी फार खारट, कधी फार पातळ होते आणि बाळाला उपायाऐवजी अपाय होऊ शकतो. फार्मासिस्टने एक लिटरची बाटली हातात धरून एवढेच दाखवावे, तयार द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यायला सांगावे आणि 200 मिलिलिटरसाठीची लहान पाकिटेही मिळतात हे सांगावे, यास अर्धा मिनिट पुरतो. दुकानात या पाकिटांशेजारी फळांच्या चवीच्या, साखरेने गोड केलेल्या पेयाचे खोके ठेवलेले असे, ज्यावर ओआरएस ही अक्षरे मोठ्या टायपात छापलेली असत. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांना ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. त्या खोक्यात नफा अधिक होता. तरीही जो विक्रेता पूर्वीपासून आईला पुडीचे पाकीटच देत होता, त्याचे नाव त्या गल्लीत कोणत्याही फलकाशिवाय पोहोचले असणार.

इन्सुलिनचे पानही असेच येथल्या हवेला धरून लिहावे लागेल. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी, असे प्रत्येक पुस्तकात असते. पण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते आणि शेतवस्तीवर फ्रिज नसतो, तेव्हा वापरातली कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून पाण्याने ओलसर ठेवलेल्या माठात, थंड जागी कशी ठेवावी, बर्फाला ती का लावू नये, हे मराठीत, चित्रासह छापलेले पान रुग्णाच्या हाती गेले पाहिजे. फवारणीच्या दिवसांत शेतमजुराला चक्कर, उलटी, अंधारी आल्याची तक्रार घेऊन कोणी काउंटरवर आले, तर गोळी न देता कीटकनाशकाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालयात पाठवावे, हेही त्यात हवे. त्या दिवशी विक्री बुडते.

भाषेचा प्रश्न याच ठिकाणी येतो. डी.फार्मसीच्या 2020 च्या अभ्यासक्रमात सामुदायिक फार्मसी व व्यवस्थापन असा स्वतंत्र विषय आहे, आणि पुण्याच्या निराली प्रकाशनासारख्या संस्थांनी फार्मसीची पाठ्यपुस्तके दीर्घकाळ पुरवली आहेत. परंतु परीक्षेसाठी इंग्रजीतून शिकलेली वाक्ये काउंटरवर तशीच बोलता येत नाहीत. कळमनुरी व औंढ्याच्या भागात आंध समाज आहे, तांड्यांवर बंजारा बोली आहे, शहरांत उर्दू बोलणारी कुटुंबे आहेत. डोस, साइड इफेक्ट, रिकाम्या पोटी यांसारख्या गोष्टी या सर्वांना समजतील अशा सोप्या मराठीत आणि जेथे शक्य तेथे बंजारा व उर्दू वाक्यांसह देणारे पान या पुस्तकाला खरी किंमत देईल. अक्षर न वाचणाऱ्यासाठी सूर्य आणि चंद्राची चिन्हे असलेली पाकिटे कशी वापरावी, हेही तेथेच यावे.

पुस्तक छापणे आज फार अवघड राहिलेले नाही. सोळा पानांचा एक फॉर्म या हिशेबाने सहा फॉर्म, म्हणजे 96 पाने पुरतील. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. एक मोह मात्र टाळावा लागेल, तो म्हणजे खर्च भागवण्यासाठी औषध कंपन्यांच्या जाहिराती घेण्याचा. 1954 च्या कायद्याने वैज्ञानिक वा सामाजिक दृष्टीने सद्‌भावनेने लिहिलेल्या ग्रंथाला कलम 14 नुसार सूट दिली आहे, आणि त्या सद्‌भावनेला जाहिरातीचे पान धक्का लावते. ज्या पुस्तकात नफ्यावरून औषध निवडू नका असे लिहायचे, त्याच्याच मलपृष्ठावर टॉनिकची बाटली शोभत नाही.

पुस्तकाच्या प्रसाराची वाटही दुकानाच्या प्रसारासारखीच आहे. वृत्तपत्रांतल्या जाहिराती आणि समारंभपूर्वक प्रकाशन यांचा उपयोग थोडाच. स्टॉकिस्टची गाडी खोके घेऊन जिल्ह्यातील मेडिकलपर्यंत नियमाने पोहोचते, आणि त्याच खोक्यातून पुस्तकाची एकेक प्रत कोणत्याही वेगळ्या खर्चाशिवाय सेनगावच्या टोकाच्या गावापर्यंत जाऊ शकते. नोंदणी नूतनीकरणासाठी फार्मासिस्टला पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग करावे लागतात. त्या वर्गात एक प्रकरण वाचून, दोघांनी दुकानदार व रुग्ण होऊन करून पाहिले, तर पुस्तक कपाटात पडून राहणार नाही. जिल्ह्यातील आणि नांदेड-परभणीच्या फार्मसी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी दुकानांत पाठवताना तेच पुस्तक हातात द्यावे. भ्रमणध्वनीवरील गटांतून संपूर्ण पुस्तक फिरवण्यापेक्षा ऋतूनुसार एकच पान पाठवावे, जूनमध्ये जुलाबाचे आणि एप्रिलमध्ये इन्सुलिनचे, असे केल्यास वाचणारे वाचतील.

ऑनलाइन औषध विक्रीविरुद्ध देशभरच्या औषध विक्रेत्यांनी 28 सप्टेंबर 2018 रोजी बंद पाळला आणि त्यामागील भीती खरी आहे, कारण फोनवर मोठी सूट देणाऱ्या कंपनीविरुद्ध किमतीच्या बळावर तालुक्याचा दुकानदार कधीच जिंकणार नाही. मात्र चुलीशेजारी ठेवलेल्या इन्सुलिनच्या कुपीबद्दल ती कंपनी विचारत नाही. हा फरक दुकानदारांना लेखी स्वरूपात, स्वतःच्या भाषेत, हाती असणे आवश्यक आहे.

असे पुस्तक बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घेऊ नये. राष्ट्रीय फार्मसी सप्ताह नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढ्याच्या ज्येष्ठ फार्मासिस्टांनी त्यापूर्वी आपल्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे दहा प्रश्न आणि त्यांना ते देतात ती उत्तरे कागदावर उतरवून औषध विक्रेत्यांच्या जिल्हा संघटनेकडे द्यावीत, आणि संघटनेने ती औषधशास्त्राच्या शिक्षकाकडून तपासून घेऊन छापावीत.