रक्तदाब, मूत्रपिंड आणि चुंबक

खारपाणपट्टा म्हणजे काय हे वऱ्हाडच्या श्रोत्यांस सांगावयास नको. पूर्णेच्या काठी, दर्यापूर-भातकुलीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूरपर्यंत विहिरीला पाणी लागते, पण खारे. मीठ पोटात अधिक गेले की पुष्कळांचा रक्तदाब चढतो, आणि चढलेला दाब मूत्रपिंडांचा नाश करतो. हे सारे गुपचूप चालते. हमाल पोती उचलीत राहतो, आणि एके दिवशी त्याच्या पायांना सूज दिसते.

एकेक मूत्रपिंड सुमारे १५० ग्रॅमचे. पण हृदयाने लोटलेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या जोडीतून जातो. दाबाने त्यांतील बारीक रोहिण्या निबर होतात, गाळण्या बुजू लागतात. पाळीत दोन गडी कमी असले म्हणजे बाकीचे ओढतात, तशा उरलेल्या गाळण्या जादा काम अंगावर घेतात. म्हणून साधारण निम्मी शक्ती जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल’ या शब्दांवर आम्ही विसंबत नाही, ते याचमुळे.

येथे एम.आर.आय. उपयोगी पडते. लॉटरबर यांनी १९७३ साली हे चित्रण प्रथम दाखविले. २००३ साली त्यांना व मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळाले. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनला मोठ्या चुंबकात रेडिओलहरींनी डिवचावयाचे आणि त्याच्या उत्तरावरून चित्र काढावयाचे. क्ष-किरण मुळीच नाहीत. मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झाल्यानेच दाब चढला आहे काय, हे त्यात दिसते. शिवाय प्राणवायू देऊन चुकलेले रक्त चुंबकाशी निराळे वागते; त्याचा परिणाम एम.आर.आय.च्या चित्रात दिसतो, हे ओगावा यांनी १९९० साली दाखविले. त्यावरून मूत्रपिंडात प्राणवायू किती पोचतो याचा अंदाज घेतात. मात्र प्यालेले पाणी, मीठ, औषधे यांनी हा आकडा हलतो. अद्याप हे मुख्यतः संशोधकांचे काम आहे.

चित्र ठळक करण्यासाठी गॅडोलिनियम टोचतात. मूत्रपिंडे फार बिघडलेल्या काही रोग्यांची कातडी जुन्या प्रकारच्या औषधाने दगडासारखी झाली. हा संबंध २००६ साली उघड झाला. नव्या प्रकारांत धोका पुष्कळच कमी आहे, तरी आधी आपला आजार सांगावा.

पण दाब मोजण्याचा पट्टा आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी यांना असले यंत्र लागत नाही. कारखान्याच्या दवाखान्यात त्या का होत नाहीत, हा प्रश्न आम्ही मागण्यांच्या यादीत घालतो. आणि लेथवर काम केलेल्या भावांनी एवढे करावे: डोळ्यात कधी पोलादाचा कण शिरला असेल, तर चुंबकाजवळ जाण्यापूर्वी तंत्रज्ञास सांगावे. तो कण आत हलू शकतो.