मांडव्याचा पळणारा आणि रक्ताचा कारखाना

लेकरांनो, आज आपल्या बीडच्याच पोराची गोष्ट सांगतो. पण ती सुरू होते रक्तापासून. रक्तातल्या तांबड्या पेशी श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोचवतात. एकेक पेशी जगते साधारण १२० दिवस; जुन्या मरतात, हाडांच्या पोकळीतल्या मगजात नव्या तयार होतात. दर सेकंदाला वीस लाखांच्या वर! अन् किती करायच्या, हे ठरवतं कोण? मूत्रपिंड. ऑक्सिजन कमी पडला की ते ओळखतं आणि मगजाला निरोप धाडतं, वाढवा.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्यात १९९४ साली अविनाश साबळे जन्मला. आईवडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर. पोरगं चालत-पळत जायचं. बारावी झाली अन् ते फौजेत गेलं, ५ महार पलटणीत. सुरुवातीलाच नेमणूक कुठं, तर सियाचीनला! तिथल्या उंच चौक्यांवर हवा इतकी विरळ, की एका श्वासात निम्माच ऑक्सिजन मिळावा. तिथं राहणाऱ्या प्रत्येक जवानाच्या अंगात मूत्रपिंडाचे निरोप सुटत राहतात, तांबड्या पेशी वाढत जातात.

मग सियाचीननंच त्याला धावपटू केलं म्हणायचं का? नाही रे. माणूस खाली उतरला की निरोप मंदावतात, वाढीव पेशी सरतात. शरीर बिनकामाचं काही सांभाळत बसत नाही. पुढं अविनाशचं वजन ७६ किलोवर गेलं होतं! ते त्यानं घाम गाळून उतरवलं, अन् प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेजकडे वळवलं.

ही शर्यत मला फार आवडते. तीन हजार मीटर, २८ अडथळे, वर सात वेळा पाण्यावरची उडी. अडथळा जवळजवळ कमरेइतका उंच अन् जड. पाय लागला तर तो पडत नाही, माणूस पडतो. पाण्याचा खड्डाही उतरता असतो, अडथळ्याजवळ खोल, पुढं उथळ. लांब उडी घेणाऱ्याचा पाय कमी पाण्यात पडतो. अन् पळताना टाचेमागची शीर, म्हणजे कंडरा, प्रत्येक पावलाला ताणली जाते आणि साठवलेला जोर पुढच्या पावलाला परत देते.

२०१८ मध्ये अविनाशनं या शर्यतीतला गोपाळ सैनींचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, १८०० मीटरच्या वर, सराव केला. म्हणजे मूत्रपिंडाला पुन्हा तेच काम! त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून या शर्यतीचं एकही पदक केनियाबाहेर गेलेलं नव्हतं. केनियाचे पळणारे तर उंच पठारावरच लहानाचे मोठे होतात. केनियाचा किबिवॉट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, अविनाश ११.२०. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, पोरांनो! रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

२०२५ च्या जुलैत मोनॅकोला तो पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं. हा पट्टा फाटला, की सहसा आपोआप जुळत नाही. अशा वेळी डॉक्टर बहुधा अंगातलीच दुसरी कंडरा काढून तिथं बसवतात, आणि ती कंडरा महिन्यामागून महिने लिगामेंटसारखी होत जाते. ते कसं होतं, उद्या सांगतो.