तराफा शेवटचा कधी उघडला होता?

आपल्या मंडळात कुंडी भंडारा होतो, आहुखाना होतो, मुमताजच्या पहिल्या दफनाची चर्चा तर दरवर्षी एकदा होतेच. त्यात जहाजावरच्या फुगवायच्या तराफ्यावर लेख म्हणजे जरा विचित्रच. बुऱ्हाणपूरहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. पण इतिहासाच्या नादी लागण्याआधी माझी नोकरीची काही वर्षं मुंबईत या तराफ्यांच्या तपासणीत गेली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला, तेव्हापासून मंडळातले दोघे-तिघे विचारत होते, "तराफे होते, तरी माणसं कशी गेली?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी वस्तू काय आहे ते बघू. जहाजाच्या डेकवर पांढऱ्या फायबरचे पिंपासारखे डबे आडवे ठेवलेले असतात. आत रबराचा थर दिलेल्या कापडाचा तराफा घडी करून बसवलेला, आणि सोबत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. डब्यातून एक लांब दोरी बाहेर येते. तिला पेंटर म्हणतात, रंगाऱ्याशी तिचा काही संबंध नाही. डबा पाण्यात टाकायचा, दोरी पूर्ण ओढून काढायची आणि शेवटी एक जोराचा हिसका द्यायचा. सिलिंडर उघडतो आणि साधारण वीस अंश तापमानाला एका मिनिटात तराफा फुगायला हवा, असा नियम. कड्यांच्या हवेच्या नळ्या दोन वेगळ्या कप्प्यांत असतात. एक कप्पा फाटला तरी उरलेल्याने सगळी माणसं तोलून धरावीत, हाही नियम. अठरा मीटर उंचीवरून टाकला तरी चालला पाहिजे आणि तीस दिवस समुद्रात टिकला पाहिजे.

पण जहाज इतक्या झटकन गेलं की हिसका द्यायला कोणी उरलंच नाही, तर? खरी गंमत इथे आहे. डबा ज्या पट्ट्याने डेकला बांधलेला असतो, त्यात हायड्रोस्टॅटिक रिलीज नावाचं तळहाताएवढं उपकरण असतं. जहाजाबरोबर ते चार मीटरपर्यंत खाली गेलं की पाण्याच्या दाबाने आतलं पातं सुटतं, पट्टा कापला जातो आणि डबा वर येऊ लागतो. दोरीचं टोक अजून जहाजालाच बांधलेलं, त्यामुळे जहाज खाली आणि डबा वर अशा ओढाताणीत दोरी आपोआप ताणली जाते आणि तराफा फुगतो. आता फुगलेला तराफा बुडत्या जहाजाला बांधलेला! म्हणून दोरी आणि जहाज यांच्यामध्ये मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवलेला असतो, वीक लिंक. तो साधारण सव्वादोनशे किलोच्या ओढीला तुटतो आणि तराफा मोकळा होतो.

म्हणजे या रचनेत एक गोष्ट पक्की हवी आणि एक कच्ची हवी. आपल्याकडच्या हातांना हे पटत नाही. वादळात डबा हलू नये म्हणून कोणी मायेने वरून आणखी दोन फेरे दोरी आवळून टाकतो. कोणी कच्चा दुवा बघून "हे तुटेल की" म्हणतो आणि पेंटर थेट लोखंडी कडीला बांधतो. पहिल्या प्रकारात डबा जहाजाबरोबर तळाला जातो, दुसऱ्यात फुगलेला तराफा ओढला जातो. काही जण पेंटर कुठेच बांधत नाहीत, मग बंद डबा नुसता तरंगत निघून जातो. रंगकाम करताना रिलीजवरही ब्रश मारलेला मी पाहिला आहे. जहाजावर चढलेला सर्व्हेअर डबा उघडू शकत नाही, तो आधी हेच बघतो. शिवाय बाजारात नेहमी मिळणारं रिलीज बसवल्यापासून दोन वर्षांत बदलायचं असतं. त्यावर महिना-वर्षाची खूण करायला जागा असते, आणि ती बऱ्याचदा कोरी सापडते.

डबा उघडण्याचं काम किनाऱ्यावरच्या मान्यताप्राप्त केंद्रात होतं. आपल्या देशात ही मान्यता मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडून येते. नेहमीच्या तराफ्याला मुदत बारा महिन्यांची. अगदीच जमलं नाही तर सरकार सतरा महिन्यांपर्यंत वाढवून देऊ शकतं. केंद्रात तराफा कोरड्या हवेने फुगवतात, त्याच्या सिलिंडरने नाही. तो वायू सुटताना इतका गार होतो की दरवर्षी तसं केलं तर कापडालाच त्रास. सिलिंडरने फुगवून बघायची वेळ पाच वर्षांतून एकदा. तराफ्यातला दाब फार नसतो, दोन-तीन पाउंड. गाडीच्या टायरमध्ये तीसेक असतो, त्यावरून अंदाज करा. तासभर तसाच ठेवून दाब किती उतरला ते मोजायचं, पाच टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये. इथे नवखा माणूस हमखास चकतो: खोलीचं तापमान एका अंशाने उतरलं तरी दाब साधारण चार मिलिबारने उतरतो. म्हणून पंखे बंद, दारं बंद, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरची नोंद सुरुवातीला आणि शेवटी.

दहा वर्षांनंतर तपासणी कडक होते. नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाब देऊन पाच मिनिटं थांबायचं आणि शिवणी सरकतात का ते पाहायचं. शिवण म्हणजे दोऱ्याची नव्हे, चिकटवलेली. तिचा आवाज येतो, कापड ताणल्याचा बारीक चर्र. तो आवाज आला की खोलीतलं बोलणं थांबतं.

बुऱ्हाणपूर कापडाचं गाव, तेव्हा पुढचं समजावून सांगायची गरज नाही. शालू वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवला की कुठून विरतो? घडीवरूनच. तराफ्याचंही तेच. वरून उन्हाचा तडाखा, बाजूने खारं वारं, आणि आत कापड त्याच त्याच रेषेवर मोडलेलं. तपासून परत भरताना ठरलेल्या क्रमानेच घडी घालायची असते, नाहीतर फुगताना पीळ पडतो. पण त्याआधी प्रत्येक जुन्या घडीवरून बोट फिरवायचं. यंत्र काय सांगतं त्याच्या आधी बोटाला कळतं, असं माझं मत आहे. पाण्याच्या पिशव्या, शिधा, उलटीच्या गोळ्या, आभाळात सोडायचे बाण यांच्या तारखा बघणं त्या मानाने सोपं काम.

हे नियम एकदम आले नाहीत. १९१२ मध्ये टायटॅनिकवर बावीसशेच्या वर माणसं आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. त्यातून १९१४ चा पहिला आंतरराष्ट्रीय सुरक्षा करार झाला. आपल्याकडची जखम 'रामदास' बोटीची. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, मुंबईहून रेवसला निघालेली बोट थोड्याच वेळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अशा प्रसंगी लाकडी होडी असली तरी खाली सोडायला वेळ लागतो, आणि बोट एका बाजूला झुकली की दुसऱ्या बाजूच्या होड्या सुटतच नाहीत. आपोआप सुटून फुगणारा तराफा हे त्यावरचं उत्तर. १९६० च्या करारात फुगवायच्या तराफ्यांना पहिल्यांदा मान्यता मिळाली.

आता पी-३०५. १७ मे २०२१ ला मुंबईजवळच्या हीरा तेलक्षेत्रात त्याचे नांगर सुटले, तो एका फलाटावर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. बार्जवर २६१ जण होते. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी शोधून १८६ जणांना वाचवलं. सत्तरहून अधिक गेले. गेलेले बहुतेक कामगार, वेल्डर, फिटर. आपल्या खानदेशातली पोरं आयटीआय करून ज्या कामांना जातात, तीच ही कामं. वाचलेल्यांपैकी काहींनी वर्तमानपत्रांना सांगितलं की बरेचसे तराफे पंक्चर होते.

ही साक्ष मी खरी मानतो. पण तराफा का फुटला, हे साक्षीदार सांगू शकत नाही. कापड आधीच घडीवर विरलेलं होतं, की चांगलाच तराफा लाटांनी बार्जच्या धारदार कडेवर घासून फाडला? अंधारात, सात-आठ मीटरच्या लाटांत दोन्ही सारखंच दिसतं. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाने ते तपासावं अशी अपेक्षाही क्रूर आहे. यात फरक करणारी वस्तू एकच, प्रत्येक तराफ्याचा शेवटच्या तपासणीचा कागद.

आणि कागद वाचायची आपल्या मंडळींना सवय आहे. जुन्या वह्यांत जमाखर्च फारच गोल आकड्यांत दिसला की आपण थबकतो ना? तसंच इथे. खऱ्या तपासणीच्या कागदावर तराफ्याचा अनुक्रमांक, बनवल्याचा महिना, सुरुवातीचा दाब, तासानंतरचा दाब, दोन्ही वेळची तापमानं आणि सिलिंडरचं वजन असतं. ते आकडे वेडेवाकडे असतात. एका जहाजाच्या बारा तराफ्यांचा दाब तासाभरात कणभरही उतरला नाही असं लिहिलेलं असेल, तर मी तो कागद दाबाचा पुरावा धरणार नाही. फक्त त्या दिवशी कोणीतरी शिक्का मारला, एवढाच तो पुरावा. एका खासगी केंद्रातले असे कागद माझ्या हातून गेले आहेत. पाच तराफ्यांवर एकच तापमान, तेही साडेतीन तासांच्या अंतराने. मे महिन्यात, मुंबईत.

तुमच्या ओळखीत कोणी जहाजावर किंवा तेल-फलाटावर जात असेल, तर त्याला एवढं सांगा: चढल्यावर पहिल्या दिवशी आपल्या नावाच्या तराफ्याजवळ जाऊन डब्यावरच्या पट्टीवर पुढच्या तपासणीची तारीख वाच. मग पेंटरचं टोक कुठे बांधलंय ते बघ. दोन मिनिटांचं काम आहे, कोणाची परवानगी लागत नाही. आणि कोणाच्या घरी वडिलांचे, काकांचे जहाजावरच्या नोकरीचे कागद पडून असतील, तर रद्दीत देण्याआधी मंडळात आणून दाखवा.