मूत्रपिंडाला रक्त कमी पडते तेव्हा

दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन शरीराच्या जेमतेम अर्धा टक्का भरते. तरीही हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी २० ते २५ टक्के रक्त त्यांच्या वाट्याला येते. रक्त गाळले जाण्यासाठी ते पुरेशा दाबाने यावे लागते. म्हणूनच पुरवठा घटला की मूत्रपिंडाचे काम मंदावते.

जुलाब-उलट्या, मोठा रक्तस्राव, जंतुसंसर्गाने कोसळलेला रक्तदाब किंवा दुबळे हृदय यांमुळे दोन्ही मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने किंवा सात दिवसांत दीडपट वाढले, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असे मानतात. सुरुवातीला नलिका शाबूत असतात आणि सोडियम राखून ठेवतात. गाळलेल्या सोडियमपैकी बहुधा एक टक्क्याहून कमी लघवीवाटे जाते. या टप्प्यावर पुरवठा पूर्ववत झाला तर मूत्रपिंड सावरते. उशीर झाला तर नलिकांच्या पेशी मरतात, लघवीत मातकट तपकिरी साचे दिसतात आणि बहुधा दोन टक्क्यांहून अधिक सोडियम वाहून जाते.

दुसरा प्रकार धमनीतील अडथळ्याचा. मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने आवळली की रक्तदाब चढतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. रक्त कमी मिळालेले मूत्रपिंड रेनिन सोडते आणि त्यातून सुरू होणाऱ्या साखळीमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. उतारवयात मेदाच्या थरांनी, तर तरुण स्त्रियांत धमनीच्या भिंतीतील तंतुमय विकाराने ही धमनी अरुंद होते; भारतात ताकायासू आजारही लक्षात घ्यावा लागतो. डॉपलर सोनोग्राफी आणि सीटी अँजिओग्राफीत अडथळा दिसतो. हृदयातून सुटलेली गुठळी धमनीत अडकली, तर कुशीत अचानक तीव्र वेदना होऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात या आजारांना वेगवेगळे संकेतांक आहेत. गुठळीने बंद झालेली धमनी किंवा मूत्रपिंडाचा मृत झालेला भाग एन२८.० मध्ये येतो. मेदाच्या थरांनी अरुंद झालेली धमनी मात्र आय७०.१ मध्ये, तिच्यामुळे वाढलेला रक्तदाब आय१५.० मध्ये आणि नलिकांच्या पेशी मरून आलेला तीव्र निकामीपणा एन१७.० मध्ये नोंदवतात. केसपेपरवर नुसते ‘किडनी फेल्युअर’ लिहिले, तर एन१९ हा कारण न सांगणारा संकेतांक पडतो.

हा केवळ नोंदवहीचा प्रश्न नाही. दोन्ही धमन्या अरुंद असताना रक्तदाबाची काही नेहमीची औषधे मूत्रपिंडाचे काम आणखी बिघडवू शकतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर आजाराचे कारण, बाजू आणि तपासणीचा आधार स्पष्ट लिहिलाच पाहिजे.