पटपडगंजला जिंकलं कोण?

संस्कृतींचा हिशेब : लेखांक नववा

रोम आणि चीन या दोघांवर लिहून झाल्यावर जो प्रश्न येणार हे ठाऊक होतं, तो आलाच. हे सगळं ठीक आहे, पण पहिला नंबर कुणाचा? जगाच्या इतिहासावर सगळ्यांत मोठा ठसा कुणी उमटवला? मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या बाकांवरही हा वाद नेहमीचाच आहे. ग्रीसच्या बाजूने बोलणारे बंगाली बाबू आहेत, अरब व्यापाऱ्यांचा हिशेब मांडणारे केरळी शेजारी आहेत, आणि शून्य आपलं एवढ्या एका वाक्यावर सामना जिंकायला निघालेले तर प्रत्येक प्रांतातले आहेत. असे वाद मला आवडतात. फक्त त्यात गुण कशाला द्यायचे हे कुणी आधी ठरवत नाही. कुणी साम्राज्याचं क्षेत्रफळ मोजतं, कुणी किती शतकं टिकलं ते मोजतं, आणि बहुतेक जण आपले पूर्वज मोजतात.

म्हणून आज यादी बाजूला ठेवू आणि एकच जागा घेऊ. ती आमच्या दाराशीच आहे. मयूर विहार, पटपडगंज आणि पुढे नोएडा असा जो यमुनेच्या पूर्वेचा सपाट पट्टा आहे, तिथे 11 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांची फौज आणि जनरल लेकची इंग्रज फौज यांची गाठ पडली. इंग्रजी पुस्तकांत तिला दिल्लीची लढाई म्हणतात, आपल्याकडे पटपडगंजची. नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात तिचा स्मारकस्तंभ उभा आहे. ब्लू लाइनच्या मेट्रोने रोज त्या बाजूला नोकरीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो माहीत असेल. मराठी माणसालाही आसई आठवते, लासवारी क्वचित आठवते, पटपडगंज बहुधा नाहीच.

लढाई थोडक्यात सांगतो. लेककडे साडेचार हजारांच्या आसपास माणसं होती आणि समोर त्याच्या कितीतरी पट. शिंद्यांच्या तोफा चांगल्या जागी रोवलेल्या होत्या. समोरून धडक मारणं महागात पडेल हे पाहून लेकने घोडदळ मागे घेतलं. शत्रू पळतो आहे असं वाटून शिंद्यांचे लोक मोर्चे सोडून पुढे आले. मग घोडदळ दोन बाजूंना फाकलं, मागून पायदळ संगिनी रोखून चालून आलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. तीन दिवसांनी इंग्रज नदी ओलांडून दिल्लीत शिरले. 16 सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यात आंधळ्या मुघल बादशहा शाह आलमसमोर उभा होता. वर्षअखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी दिल्ली, आग्रा आणि गंगा-यमुनेचा दुआब सोडला.

आता आपला प्रश्न. या मैदानात कोणती संस्कृती जिंकली आणि कोणती हरली?

‘इंग्रज जिंकले, मराठे हरले’ हे उत्तर पाठ्यपुस्तकापुरतं ठीक आहे. पण दोन्ही फौजा जरा जवळून पाहा. शिंद्यांच्या बाजूला सेनापती होता लुई बुर्क्यँ नावाचा फ्रेंच. हा पूर्वी कलकत्त्यात आचारी होता आणि शोभेची दारूही बनवायचा, असं त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. त्याची कंपू फौज उभी केली होती सॅव्हॉयच्या दब्वॉनने, दौलतरावांच्या आधीच्या महादजी शिंद्यांच्या पदरी राहून. समोर लेककडे गोऱ्या पायदळाची पलटण एकच, 76वी. बाकीचं पायदळ बंगाल आर्मीचं, म्हणजे अवध-बिहारकडचे शिपाई. थोडक्यात, हिंदी माणसांची एक युरोपीय कवायतीची फौज हिंदी माणसांच्याच दुसऱ्या युरोपीय कवायतीच्या फौजेशी लढली.

ती कवायत तरी युरोपची का? सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच लोक स्पेनशी लढत होते. बंदूक भरायला वेळ लागायचा, तेवढ्यात शत्रू अंगावर यायचा. 1594 साली नासाऊच्या विल्यम लुईने आपल्या चुलतभावाला, मॉरिसला, पत्र लिहून उपाय सुचवला. पहिल्या रांगेने बार काढून मागे जायचं, दुसरीने पुढे यायचं, असा अखंड फेर चालू ठेवायचा. ही युक्ती त्याला सुचली एलियन या जुन्या लेखकाचा ग्रीक-मॅसिडोनियन कवायतीवरचा ग्रंथ वाचताना. भाल्यांसाठी बसवलेल्या हालचाली त्याने बंदुकांना लावल्या. तीच रीत हॉलंडमधून स्वीडन, फ्रान्स, इंग्लंड अशी फिरत शिंद्यांच्या अलीगढच्या छावणीत आली. म्हणजे यमुनाकाठी भोजपुरी बोलणारी पोरं अलेक्झांडरच्या वेळच्या पावलांवर डावं-उजवं करत होती, आणि ती कुणाची पावलं आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता.

बंदुकीतली दारू चिनी. तिच्या मिश्रणाची लेखी कृती 1044 सालच्या एका चिनी लष्करी ग्रंथात आहे. पण कृती चीनची असली तरी तिच्यातला मुख्य माल, सोरा, अठराव्या शतकात सगळ्यांत जास्त आणि उत्तम निघायचा तो बिहारमध्ये. गावाच्या जुन्या, जनावरांच्या मुताने मुरलेल्या मातीतून नोनिया लोक तो धुऊन काढत. प्लासीनंतर ईस्ट इंडिया कंपनीने त्या व्यापाराचा मक्ता मिळवला आणि फ्रेंच-डचांना तो दुर्मीळ झाला. इंग्रजांच्या युरोपातल्या लढायांच्या धुरातही पाटण्याची माती होती.

आणि जिंकल्यावर इंग्रजांनी काय केलं? दिल्लीत कारभार फारसीतच चालू ठेवला, तोही 1837 पर्यंत. रुपयावर शाह आलमचं नाव ठेवलं. तो 1806 मध्ये वारला तरी कंपनी त्याच्या नावाची नाणी पाडत राहिली. स्वतःच्या राजाचं मुंडकं रुपयावर आलं ते 1835 साली. मराठ्यांच्या टांकसाळींचीही तीच तऱ्हा होती. महादजींनी तर वकील-इ-मुत्लक, म्हणजे बादशहाचा मुख्य प्रतिनिधी, या पदाचं फर्मान दिल्लीहून नेऊन 1792 साली पुण्यात सवाई माधवरावांना समारंभाने नजर केलं. ज्याचे डोळे गुलाम कादिरने 1788 मध्ये फोडले, ज्याला स्वतःचा किल्ला राखता येईना, त्या माणसाच्या शिक्क्यावाचून ना पुण्याचं चालत होतं, ना कलकत्त्याचं. सत्ता कधीच संपली होती आणि वजन उरलं होतं.

त्यामुळे ‘ठसा’ मोजताना कुणी किती दिलं याचा हिशेब मला फारसा पटत नाही. कुणी काय घेतलं हे पाहावं. देणाऱ्याला अनेकदा खबरही नसते. कोटला फिरोजशाहवरचा अशोकाचा स्तंभ पाहा, आमच्या घरापासून नदी ओलांडली की झालं. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो टोपऱ्याहून यमुनेतून नावेवर आणवला. त्यावरचं वाचायला पंडित बोलावले, कुणालाही वाचता आलं नाही. अशोकाचं नावच इथे विसरलं गेलं होतं. आणि त्याच वेळी त्याच ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत ब्रह्मदेशात, कंबोडियात, सयाममध्ये, जावात, तिबेटात लोक आपापल्या भाषा लिहीत होते. तिथे कुणी मौर्य फौज गेली नव्हती. राजांना दानपत्रं लिहायची होती, भिक्षूंना ग्रंथ उतरवायचे होते, त्यांनी जवळची लिपी उचलली. स्तंभावरचा मजकूर प्रिन्सेपने वाचला तो 1837 मध्ये, म्हणजे फारसी गेली त्याच साली.

या कसोटीवर मंगोल मागे पडतात, क्षेत्रफळ कितीही असो. त्यांनी रस्ते मोकळे केले आणि माल इतरांचा वाहिला. आणि माझ्या मते पुढे येतो तो मेसोपोटेमिया, ज्याची बाजू आमच्या बाकांवर कुणीच घेत नाही, कारण तिथला वंशज म्हणवणारा कुणी सोसायटीत राहत नाही.

रोजच्या वापरातला एकच पुरावा देतो. शनिवारनंतर रविवार आणि मग सोमवार हा क्रम कशावरून आला? आकाशात तर असा क्रम नाही. ग्रीक ज्योतिष्यांनी ग्रह त्यांच्या मंद-शीघ्र गतीप्रमाणे लावले होते: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे 24 तास करायची पद्धत इजिप्तची. आता एकेका तासाला ओळीने एकेक ग्रह मालक द्या. सातांचे तीन फेरे म्हणजे 21 तास, उरले तीन. म्हणून शनीने सुरू झालेल्या दिवसानंतर तीन घरं पुढे गेलं की दुसऱ्या दिवसाचा पहिला तास येतो रवीकडे. आणखी तीन घरं पुढे, चंद्र. पुढे मंगळ. करून पाहा, सातही वार बरोबर येतात. या सगळ्याच्या तळाशी आहे ती बाबिलोनच्या पुजाऱ्यांनी शतकानुशतकं मातीच्या विटांवर नोंदलेली ग्रहांची निरीक्षणं, आणि तासाची साठ मिनिटं करणारं त्यांचंच गणित. भारतात वाराचा उल्लेख असलेला जुना शिलालेख मध्य प्रदेशात एरणला आहे, इ.स. 484 चा, बुधगुप्ताच्या काळातला. त्यात गुरुवार आहे. त्याआधीच्या सातवाहनांच्या लेखांत ऋतू, पक्ष, दिवस सापडतात, वार नाहीत. आज शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या माणसाला बाबिलोन परकं वाटेल, पण शनिवार वाटत नाही.

मग घेणं हीच कसोटी असेल, तर मराठ्यांनी काय घेतलं? इथे मला थोडं कडू बोलायचंय. तोफा घेतल्या, आणि उत्तम घेतल्या. आग्र्याला महादजींच्या कारखान्यात त्या ओतल्या जात. लासवारीला शिंद्यांचे गोलंदाज मरेपर्यंत तोफांपासून हलले नाहीत, याची कबुली खुद्द लेकने दिली आहे. शौर्याचा प्रश्नच नव्हता. घेतले नाहीत ते अधिकारी तयार करण्याचे उपाय. पलटणींचं डोकं भाड्याचं राहिलं. 1803 मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडच्या युरोपीय अधिकाऱ्यांना पेन्शनचं आमिष दाखवलं. दब्वॉनच्या जागी आलेला पेराँ सप्टेंबरच्या सुरुवातीलाच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पटपडगंजनंतर तीन दिवसांत बुर्क्यँ आणि त्याचे सोबतीही शरण आले. उरलेले शिपाई आसपास होतेच, पण त्यांना एकत्र हाकणारा उरला नव्हता.

आणि छापखाना. गोव्यात तो 1556 मध्ये आला. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापून निघालं, मराठी काव्य, रोमन अक्षरांत. ते जिथे छापलं त्या रायतूरपासून पुण्यापर्यंतचं अंतर मराठा फौजांनी अनेकदा कापलेलं, तरी मराठी माणसाच्या हातून पहिली छापील गीता निघाली ती मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने, 1805 साली. म्हणजे पटपडगंजनंतर दोन वर्षांनी. प्रियोळकरांनी मुद्रणाचा हा इतिहास बारकाईने लिहिलाय. लेखनिक स्वस्त होते, मोडी भरभर चालायची, खिळे पाडणं महाग होतं, ही कारणं खरीच आहेत. तरीही अडीचशे वर्षं हा फार लांब काळ आहे. तोफेची गरज पहिल्या लढाईतच कळते, छापखान्याची कळायला शाळा लागते.

माझ्या कसोटीवर एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. घेणं सगळीकडे मर्जीचं नसतं. 1521 मध्ये स्पॅनिशांनी टेनोच्टिटलान पाडलं, देवीच्या साथीने लाखो माणसं मेली, देवळांचे दगड चर्चच्या भिंतींत गेले. मेक्सिकोने स्पॅनिश भाषा ‘घेतली’ असं म्हणणं ही थट्टा होईल. अशा ठिकाणी ठसा म्हणजे जखम असते, आणि ती मोजायला वेगळी पट्टी हवी.

पण त्याच मेक्सिकोचं दुसरं टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे. एकादशीच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची. पोर्तुगीज गलबतांनी हे सगळं आणलं. मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि मिरीला मागे सारून देशभर गेली. जी पिकं पूर्वजांनी पाहिली नव्हती ती उपवासाला चालतात, आणि घरचा गहू चालत नाही. ज्यांनी ही पिकं हजारो वर्षं निवडून, जोपासून तयार केली, त्या शेतकऱ्यांचं नाव महान संस्कृतींच्या कुठल्याच यादीत पहिल्या पाचांत नसतं. मी ते मेसोपोटेमियाच्या लगेच खाली घालीन, आणि ग्रीस-रोमला तिसऱ्या जागेसाठी चीनशी भांडू देईन.

राहिला इंग्रजांचा प्रश्न. त्यांची भाषा, कायदा, विद्यापीठं आपण घेतली की आपल्यावर लादली गेली? सगळे जण मेकॉलेच्या 1835 च्या टिपणापासून सुरुवात करतात. पुढच्या लेखांकात आपण आठ वर्षं आधीपासून, मुंबईपासून करू. 1827 साली गव्हर्नर एल्फिन्स्टन निघाला तेव्हा तिथल्या शेट-सावकारांनी त्याच्या नावाने लाखांची वर्गणी जमवली, आणि ती इंग्रजी भाषा आणि युरोपातली शास्त्रं शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या पगारासाठी ठेवली.