वैमानिकाची दाढी : नियम आणि त्यामागील कारण

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी वर्गात एक गोष्ट वारंवार सांगत. नियम मोडण्यापूर्वी त्याचे कारण विचारा आणि नियम पाळतानाही त्याचे कारण विचारा. या पुस्तिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारलेला प्रश्न आठवला आणि तोच विषय घेण्याचे ठरविले.

डिंडोलीतील आमच्या शाळेत येणारी बहुतेक मुले खानदेशातून सुरतेस आलेल्या कुटुंबांतील आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेले त्यांचे पालक यंत्रमागावर, रंगाईच्या मिलमध्ये वा रसायनांच्या कारखान्यात काम करतात. दहावीतील एका मुलास वैमानिक व्हावयाचे होते. त्याने विचारले, "सर, वैमानिकाला दाढी ठेवू देत नाहीत, हे खरे का?" प्रश्नामागे घरातील एक प्रसंग होता. त्याच्या थोरल्या भावाला एका कारखान्यात मास्क घालण्यासाठी दाढी काढावयास सांगितले होते. कारण कोणी समजावून सांगितले नाही. नुसता हुकूम आला. भावाने दाढी काढली, परंतु तो अपमान त्याच्या मनात राहिला. धाकट्याला वाटत होते की आपल्याही वाट्यास हेच येणार.

या प्रश्नाचे उत्तर "होय" किंवा "नाही" अशा एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी प्रथम आकाशातील हवेचा विचार करावा लागतो.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते आणि विमाने ज्या उंचीवर उडतात तेथपर्यंत ते तेवढेच राहते. बदलतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो आणि ३५,००० फुटांवर एक चतुर्थांशाहूनही थोडा कमी. म्हणजे प्राणवायूचा वाटा तोच असला तरी तो रक्तात ढकलणारा जोर उरत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट उंच आहे. प्रवासी विमान त्याच्या सहापटीहून अधिक उंचीवरून जाते. म्हणून विमानात हवा दाबून भरावी लागते. आतील दाब साधारणपणे ८,००० फुटांवरील दाबाहून कमी होऊ दिला जात नाही. तेवढ्या दाबात निरोगी माणसास त्रास होत नाही.

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर विमान उतरविले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. ते लहान विमान पुरेशा हवेच्या थरातूनच उडत होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले ते कॉन्स्टेलेशन जातीचे, आत हवेचा दाब राखणारे होते. विमाने उंच गेली आणि त्याबरोबर नवी शक्यता उत्पन्न झाली : आतला दाब निघून गेला तर काय?

तसे झाले तर ३५,००० फुटांवर माणूस सुमारे अर्धा ते एक मिनिटच शहाणपणाने वागू शकतो. २५,००० फुटांवर ही मुदत तीन ते पाच मिनिटांची असते. त्यानंतर शुद्ध जाण्यापूर्वीच विचारशक्ती मंदावते आणि आपली विचारशक्ती मंदावली आहे हेही माणसास कळत नाही. म्हणूनच वैमानिकाच्या हाताशी असा मास्क असतो की तो एका हाताने, पाच सेकंदांत चढविता यावा. त्यातून शुद्ध प्राणवायू मिळतो. तो घेत वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो. हे काही मिनिटांचे काम असते.

आता दाढीचा मुद्दा. मास्कची कड नाक, गाल व हनुवटी यांवर घट्ट बसली पाहिजे. तेथे केस असतील तर त्यांच्या फटींतून बाहेरची विरळ हवा आत शिरते आणि प्राणवायू पातळ होतो. विमानकक्षात धूर झाला असेल तर तोही शिरू शकतो. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने १९८७ मध्ये एक सल्लापत्रक काढून दाढीमुळे मास्कची कार्यक्षमता घटते असा इशारा दिला. पुढे दाढीबंदीच्या समर्थनार्थ या पत्रकाचा आधार घेतला जाऊ लागला.

या भीतीत तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु भीती किती मोठी, हे मोजल्याशिवाय कळत नाही. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाने एअर कॅनडासाठी ही तपासणी केली. लहान, मध्यम व लांब दाढीच्या पुरुषांना कमी दाबाच्या बंद खोलीत बसवून आणि मास्क घालून १०,००० ते २५,००० फुटांची परिस्थिती निर्माण करण्यात आली. कोणाच्याही रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला नाही. त्यानंतर २०१८ मध्ये एअर कॅनडाने वैमानिकांना साडेबारा मिलिमीटरपर्यंत, नीट कातरलेली दाढी ठेवण्याची मुभा दिली. १९८७ नंतर मास्कची कड आणि डोक्याभोवती आवळणारे पट्टे यांतही सुधारणा झाली आहे. तरीही अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी दाढीबंदी कायम ठेवली आहे, तर युरोपातील अनेक कंपन्यांत व्यवस्थित राखलेली दाढी चालते. आकाश एकच, मास्क जवळजवळ तेच आणि नियम मात्र निराळे!

दाब गेल्यामुळे झालेल्या दुर्घटनांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या विमानातील सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले. दाब राखणाऱ्या यंत्रणेची कळ चुकीच्या स्थितीत राहिली होती आणि धोक्याच्या भोंग्याचा अर्थ वैमानिकांच्या ध्यानी आला नाही. आपल्याकडील उदाहरण सप्टेंबर २०१८ चे आहे. मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात १६६ प्रवासी होते. दाबाची कळ चालू करावयाची राहून गेली. कित्येक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईस परत आणावे लागले. या दोन्ही प्रसंगी घात झाला तो विसरण्यामुळे आणि उशिरा ओळखण्यामुळे. मास्कची कड नीट बसणे आवश्यक आहेच. परंतु तो वेळेवर चढविणे त्याहून आवश्यक आहे.

दुसरे कारण एकरूपतेचे सांगितले जाते, आणि ते अगदी वेगळ्या जातीचे आहे. दाढी ठेवल्यामुळे भारतीय हवाई दलातून सेवामुक्त झालेल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने हवाई दलाची बाजू मान्य केली. ज्यांच्या धर्मात केस कापण्यास वा दाढी करण्यास मनाई आहे त्यांना हवाई दलाच्या नियमात सवलत आहे. परंतु अर्जदाराच्या बाबतीत तशी मनाई असल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नियमाचा हेतू म्हणून दलातील शिस्त व एकसंधपणा यांचा आधार घेण्यात आला. प्राणवायूच्या मास्कवर हा निकाल उभा नव्हता. महाराष्ट्रातही जालना येथील राज्य राखीव पोलीस दलाच्या एका जवानाचे असेच प्रकरण झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याच्या विरुद्ध निर्णय दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक काळापुरती दाढी ठेवण्याच्या अटीवर पुन्हा सेवेत घेण्याचा मार्ग सुचविला. तो त्याने स्वीकारला नाही. एका माणसाने या प्रश्नापायी नोकरी पणास लावली, हे ध्यानात ठेवावे.

याच हवाई दलाचे मार्शल अर्जन सिंग हे दाढी राखणारे शीख वैमानिक होते. १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर त्यांनी विमाने उडविली आणि पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले. नौदलातही परवानगीने दाढी ठेवण्याची परंपरा आहे. दाढी आणि शिस्त यांचे जन्मजात वैर नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते. एकरूपतेचा आग्रह धरण्याचा अधिकार लष्करी दलास असू शकेल. प्रवासी विमान कंपनीसही आपल्या गणवेशाचे नियम करता येतील. परंतु ज्याने त्याने आपले खरे कारण सांगावे. रुबाबासाठी केलेल्या नियमास सुरक्षिततेचे नाव देऊ नये. तसे केल्यास, जेथे सुरक्षिततेचे कारण खरे आहे तेथेही लोक विश्वास ठेवीनासे होतात.

आणि ते कारण खरे असलेली जागा आपल्या अगदी जवळ आहे. जानेवारी २०२२ मध्ये सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात बेकायदेशीरपणे रसायन सोडण्यात आले आणि त्यातून उठलेल्या विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. अशा वायूपासून बचाव करणाऱ्या साध्या गाळणीच्या मास्कमध्ये श्वास घेताना आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. चेहऱ्यावर केसांची फट असेल तर गाळणीतून न जाता विष सरळ आत ओढले जाते. वैमानिकाच्या मास्कमध्ये गरजेनुसार दाबाखाली प्राणवायू सोडता येतो. त्यामुळे गळती मुख्यतः आतून बाहेर होते. शिवाय तो मास्क क्वचित आणि काही मिनिटेच घालावा लागतो. कामगार मात्र तो रोज, तासन् तास घालतो. म्हणून त्या थोरल्या भावास सांगितलेली गोष्ट योग्य होती. सांगण्याची रीत मात्र अयोग्य होती. दाढी राखणे ज्याला श्रद्धेने आवश्यक वाटते, त्याच्यासाठी डोक्यावरून घालावयाचे आणि पंख्याने शुद्ध हवा पुरविणारे सैल टोप असतात. त्यांना दाढीची अडचण नसते. खर्च अधिक येतो, एवढेच.

माझे मत असे आहे. ज्या मास्कवर चाचणी झाली आहे, तो वापरणाऱ्या वैमानिकास आखूड, नीट कातरलेली दाढी ठेवू द्यावी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्कची कड प्रत्यक्ष तपासावी आणि ज्याच्या बाबतीत गळती आढळेल त्याने दाढी काढावी. लांब दाढीविषयी श्रद्धेचा प्रश्न असेल तेथे मास्क बदलून वा पुन्हा चाचणी घेऊन मार्ग काढावा. प्रवाशांच्या जिवापुढे कोणाचीही दाढी मोठी नाही. परंतु न मोजलेल्या भीतीपुढे कोणाचा मानही लहान करू नये.

त्या विद्यार्थ्यास मी हे सारे फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, दादाला दाखवायला मास्कची आकृती वहीत काढून नेली होती. दादा म्हणाला, हे त्यांनी तेव्हाच सांगितले असते तर मी त्याच दिवशी हसत दाढी काढली असती."