चूक माणसाची की यंत्राची?

बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रापुढे किंवा मोबाईलवर अर्ज भरताना आपला एखादा माणूस अडला, की त्याच्या तोंडून बहुधा एकच वाक्य निघते : "आम्हां अडाण्यांना हे कुठलं जमायला!" शाळेची माहिती संगणकात भरता भरता थकलेले गुरुजीही शेवटी स्वतःलाच बोल लावतात. यंत्राला मात्र कोणी काही म्हणत नाही. दोष माणसाचाच असणार, हे आपण धरूनच चालतो. या समजुतीशी जन्मभर झगडलेल्या एका अमेरिकन संगणकतज्ज्ञांची आज ओळख करून घेऊ. त्यांचे नाव लॅरी टेसलर.

१९४५ साली न्यूयॉर्क शहरात त्यांचा जन्म झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षण घेऊन ते संगणकाच्या व्यवसायात शिरले आणि १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात दाखल झाले. होय, तीच कंपनी, जिच्या नावाने आपण तालुक्याच्या गावी कागदांच्या प्रती काढून घेतो.

त्या काळी संगणकावर मजकूर लिहिणे सोपे नव्हते. यंत्राच्या दोन अवस्था असत. एका अवस्थेत कळ दाबली तर अक्षर उमटे. दुसरीत तीच कळ दाबली तर तो हुकूम ठरे. त्या केंद्रातल्याच एका लेखनप्रणालीची गोष्ट प्रसिद्ध आहे. हुकमाच्या अवस्थेत असल्याचे भान न राहता कोणी इंग्रजीत 'एडिट' हा शब्द टंकित केला, की पहिल्या अक्षराने सारा मजकूर निवडला जाई, दुसऱ्याने तो पुसला जाई, तिसऱ्याने नवे लिहिण्याची तयारी होई आणि चौथे अक्षर तेवढे पडद्यावर उरे. दिवसभराचे लेखन गेले आणि हाती राहिले एक 'टी'! बघा, ज्या हाकेला बैल एकदा पुढे चालतो आणि एकदा मागे सरतो, त्या हाकेने औत कसे चालायचे? टेसलर म्हणत, इथे चुकला तो लिहिणारा नव्हे. चुकली ती यंत्राची घडण. या 'अवस्थां'चा त्यांना इतका तिटकारा होता, की आपल्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवर त्यांनी 'नो मोड्स', म्हणजे 'अवस्था नकोत', अशी अक्षरे घेतली होती.

मग सोपे काय, हे ठरवायचे कसे? टेसलर यांनी तज्ज्ञांची सभा भरवली नाही. केंद्रात नव्यानेच कामाला लागलेल्या एका चिटणीस बाईंना त्यांनी कोऱ्या पडद्यापुढे बसवले. हाती दुरुस्तीच्या खुणा केलेला कागद दिला आणि विचारले, हा मजकूर पडद्यावर आहे असे समजा. तुम्ही दुरुस्ती कशी कराल? बाई सांगत गेल्या, टेसलर टिपून घेत गेले. टिम मॉट हे त्यांचे सहकारी तर बोस्टनजवळच्या एका पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेत जाऊन संपादकांचे काम पाहत बसले. संपादक कात्रीने कागद कापत आणि हवा तिथे डिंकाने चिकटवत. या दोघांनी १९७५ च्या सुमारास 'जिप्सी' नावाची लेखनप्रणाली तयार केली, तीत हीच रीत यंत्राला शिकवली. मजकूर निवडा, कापा, दुसरीकडे चिकटवा. आज मोबाईलवर आपण 'कट', 'कॉपी', 'पेस्ट' करतो, ते या रीतीने रूढ झाले. त्याचे मूळ संपादकाच्या कात्रीत आहे.

डिसेंबर १९७९ मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स हे केंद्र पाहायला आले. यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांत टेसलर होते. पुढच्याच वर्षी ते ॲपलमध्ये गेले आणि 'लिसा' या संगणकाच्या कामाला लागले. नवे काही केले, की ते अनोळखी माणसापुढे ठेवायचे आणि आपण मुकाट्याने पाहत राहायचे, हा त्यांचा शिरस्ता. अशाच एका चाचणीत एक मनुष्य एकाएकी चिडला. पडद्यावर 'डू इट', म्हणजे 'हे कर', असे बटण होते. दोन शब्दांमधली जागा थोडी आणि 'आय' हे अक्षर 'एल'सारखे दिसणारे. त्याने वाचले 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ! यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते, असा त्याचा सवाल. कोणी त्याला नीट वाचायला सांगितले नाही. बटणावरचे शब्दच बदलले आणि तिथे 'ओके' आले.

१९८३ साली बाजारात आलेला लिसा सुमारे दहा हजार डॉलर किमतीमुळे फारसा खपला नाही. परंतु त्यातल्या पुष्कळ कल्पना १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये उतरल्या आणि तेथून जगभर पसरल्या.

टेसलर पुढे ॲपलचे उपाध्यक्ष झाले. २००१ पासून ॲमेझॉन कंपनीत ग्राहकांची खरेदी सुकर करण्याचे आणि २००५ पासून याहू कंपनीत 'यूजर एक्स्पीरियन्स', म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, या विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. आज हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. चित्रे रंगवणे एवढेच त्यात नसते. माणूस कुठे अडतो हे पाहणे, कागदावर आराखडे काढणे, ते तपासणे आणि मुख्य म्हणजे कारखान्याच्या आत वापरणाऱ्याची वकिली करणे, हे या अधिकाऱ्याचे काम.

ती वकिली टेसलर कशी करत? ते म्हणत, प्रत्येक कामात काही गुंतागुंत असते, ती नाहीशी होत नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणी सोसायची? समजा, यंत्र करणाऱ्याने एक आठवडा अधिक खपण्याचे टाळले आणि त्यापायी दहा लाख माणसांचे रोज एकेक मिनिट वाया गेले. दहा लाख मिनिटे म्हणजे जवळजवळ सातशे दिवस. आणि तेही रोज! एकाचा आठवडा वाचवण्यासाठी हा दंड लाखोंनी का भरावा? त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच.

फेब्रुवारी २०२० मध्ये टेसलर निवर्तले. त्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यायचे? जाणता सुतार रुमणे बसवताना ते धरणाऱ्याची उंची पाहतो. शेतकऱ्याला वाकायला सांगत नाही. यंत्र करणाऱ्यांकडूनही आपण तेवढीच अपेक्षा ठेवावी. तेव्हा अर्ज भरताना अडलात, तर लाजू नका. नेमके कुठे अडले, कोणता शब्द कळला नाही, हे लिहून संबंधित कचेरीला कळवा. शिक्षकांनी मुलांनाही ही सवय लावावी. अडलेल्या माणसाने सांगितल्याशिवाय यंत्र सुधारत नाही आणि 'मला जमत नाही' म्हणून तो गप्प बसला, तर त्याच्यामागून येणारे शंभर जण तिथेच अडतात.